गोड्या विहिरीची कमेटी

हंगामात कापसाच्या गाड्या अकोटच्या रस्त्यानं सरकी काढायच्या जिनाकडे निघतात, तेव्हा गाडीवान काही कापूस वाटायला निघालेला नसतो. पण भरलेली गाडी बाभळीला घासते, एक पुंजका काट्याला अडकतो. मागची गाडी येते, आणखी एक अडकतो. माघ उजाडेपर्यंत बाभूळ अशी पांढरी होते, की परक्याला वाटावं हिलाच बोंडं लागली! किश्शांचं तसंच आहे. मी आमच्या गावच्या म्युनिसिपल कमेटीचा चपराशी. बोलायचं काम मेंबरलोकांचं, माझं काम दाराशी बसायचं. मी कुणाचं काही मुद्दाम लक्षात ठेवलं नाही. गाड्या जात राहिल्या, मला कापूस चिकटत राहिला.

आता नातवंडं विचारतात, "आबा, तुमच्या काळी भांडणं होत नव्हती काय?"

होत होती ना बापा. आमच्या कमेटीत जेवढी भांडणं झाली तेवढी कोर्टातही झाली नसतील. पण कोर्टातून माणूस हरून नाहीतर जिंकून बाहेर येतो. आमच्या कमेटीतून माणसं बोलत बोलत बाहेर यायची. त्याचाच मला अभिमान आहे, म्हणून सांगतो.

*

तेव्हा आपलं वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं. जिल्ह्याला गोरा डिप्टी कमिशनर, त्याच्या वर अमरावतीला बडा कमिशनर, आणि खाली आम्ही. गाव खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी सोन्यासारखी, पण विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकावं असं खारट. सगळ्या गावात वेशीजवळची एकच विहीर गोडी. सगळं गाव तिथं पाणी भरायचं. सगळं म्हणजे, महारपुरा सोडून.

महारपुऱ्यातली विहीर इतकी खारी की त्या पाण्यात डाळ शिजत नसे. त्यांच्या बायका गोड्या विहिरीच्या पायथ्याशी घागरी घेऊन बसायच्या. कुणाला दया आली तर तो वरून पोहरा ओतायचा. मीही रोज तिथंच कमेटीचं पाणी भरायचो. कधी ओतलं, कधी उशीर झाला म्हणून नाही ओतलं. लपवून काय करू, तेही सांगायला पाहिजे.

कमेटीत मेंबर अकरा. त्यातले चार तुम्ही ओळखून ठेवा. चेरमन अण्णासाहेब वकील, बामण माणूस, बोलणं मोजून मापून. भाऊसाहेब देशमुख, अर्ध्या शिवाराचे धनी, आवाज असा की बैलानं मान वर करावी. हकीमसाब, मुसलमान मोहल्ल्याचे वडीलधारे. आणि शेठजी मारवाडी, जिनाचे मालक. हे चार जण मिळून पाच मतं मांडायचे, कारण शेठजींची एकट्याची दोन असायची.

मग अकरावी जागा रिकामी झाली, तिथं सरकारनं महारपुऱ्यातला मेंबर नेमला. सोनाजी मेस्त्री. शेठजींच्या जिनातच फिटर होता. इंजिन आजारी पडलं की आधी सोनाजीला बोलावणं जायचं, मग मालकाला कळायचं.

पहिल्या मिटिंगला माझ्यापुढे मोठा पेच. माझ्याकडे तीन माठ होते. एक बामण-मारवाड्यांचा, एक देशमुख-पाटलांचा, एक हकीमसाबांचा. सोनाजीला पाणी कशातून द्यायचं, हे मला कुणी सांगेना.

सोनाजी आला तो स्वतःची सोड्याची बाटली भरून घेऊन आला. टेबलावर ठेवली.

भाऊसाहेब म्हणाले, "हे काय आनलं?"

"आमच्या पुऱ्यातलं पानी हाये. कोनाले तहान लागली तं घ्या."

कुणी हात पुढे केला नाही. शेवटी हकीमसाबांनी बाटली उचलली, एक घोट घेतला, आणि तोंड असं केलं की मी पिकदाणी घेऊन धावलो.

"मेस्त्री," ते म्हणाले, "ये पानी है के दवा?"

सोनाजी म्हणाला, "दवा असती हकीमसाब, तं पुऱ्यात कोनी आजारी पडलं नसतं."

*

बसायचाही पेच होता. भाऊसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, मेस्त्रीचं स्टूल दाराशी, चपराशाजवळ. म्हणजे माझ्या शेजारी. सोनाजी मुकाट्यानं तिथं बसला. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. बोलायला माणूस मिळाला.

पण सोनाजी मिटिंगमध्ये बोलायचा तो इतका हळू की माशी उडाली तर तिचा आवाज मोठा वाटावा.

अण्णासाहेब कानाला हात लावायचे. "काय म्हणालात?"

सोनाजी पुन्हा बोलायचा, तेवढंच हळू.

"मेस्त्री, ऐकू येत नाही. स्टूल जरा पुढे घ्या."

त्या महिन्यात स्टूल दोन हात पुढे आलं. पुढच्या महिन्यात आणखी दोन हात. पावसाळा संपेपर्यंत ते अण्णासाहेबांच्या खुर्चीला टेकलं. आता उठवायचं तर चेरमनला ऐकू येत नाही, आणि चेरमनला ऐकू आलं नाही तर मिटिंग चालत नाही. भाऊसाहेब चरफडले, पण त्यांना बोलायला कायदा सापडेना.

मी एकदा घरी जाताना विचारलं, "मेस्त्री, तुमचा आवाज इतका बारीक काहून?"

तो हसला. "गोंदाजी, जिनात तीन इंजिनं चालू असतात, तरी माहा आवाज हापिसात जाते."

*

गणपतीच्या वेळची गोष्ट. मिरवणूक मशिदीपुढून जाते, तिथं वाजंत्री वाजवायची की नाही, यावर गाव पेटलं होतं. भाऊसाहेब म्हणत, "रस्ता सरकारचा हाये. आमी वाजवत जाऊ." हकीमसाब म्हणत, "नमाज की जगह है. चाळीस पावलं बाजा बंद ठेवा, एवढंच म्हनतो." दोन्हीकडची पोरं काठ्यांना तेल लावत होती.

कमेटीत दोन दिवस हेच चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी सोनाजी म्हणाला, "अण्णासाहेब, आपन बोलून राहिलो, पन वाजवनाऱ्याले कोनी इचारलं काय?"

गावात वाजंत्रीवाला एकच, उस्मानभाई. गणपतीलाही तोच, ताबुतालाही तोच. मला पाठवलं. तो बिचारा ताशा घेऊनच आला. त्याला वाटलं, वाजवायला बोलावलं.

अण्णासाहेबांनी विचारलं, "उस्मानभाई, मशिदीपुढे तुम्ही वाजवता की थांबता?"

"थांबतो ना साहेब."

भाऊसाहेब उठून उभे राहिले. "थांबतं? कोनाच्या हुकमानं?"

"हुकूम कशाले पाह्यजे भाऊसाहेब? तिथं चढ हाये. सनईवाल्याचा दम तिथंच संपते. मशिदीच्या हौदावर आमी पानी पितो, पान खातो, मग पुढं. माह्या बापापासून तसंच हाये."

 भाऊसाहेबांनी हकीमसाबांकडे पाहिलं. हकीमसाबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. इतकी वर्षं दोघंही त्या मिरवणुकीत आणि त्या रस्त्यावर हजर होते.

अण्णासाहेबांनी घसा साफ केला आणि ठराव सांगितला: "मिरवणुकीतील वाजंत्र्यांनी नेहमीच्या जागी पाणी पिण्यास थांबावे."

मशिदीचं नाव नाही, बंद करण्याचं नाव नाही. दोन्हीकडचे हात वर झाले.

हकीमसाब म्हणाले, "एक लफ्ज और लिखिए. पानी ठंडा असावं."

त्या दिवशी बाहेर पडताना सोनाजी मला म्हणाला, "गोंदाजी, आज मी शिकलो. नाव घेतलं की भांडन. पानी घेतलं की ठराव."

*

पण पाण्याचा ठराव इतका सोपा नव्हता. सोनाजीनं सरळ मांडून पाहिलं होतं. "गोड्या विहिरीवर महारपुऱ्यालेही पानी भरू द्यावं." एवढंच वाक्य. त्याच्या बाजूनं दोन हात, त्याचा आणि हकीमसाबांचा. विरुद्ध आठ. अण्णासाहेबांनी हात कुठंच केला नाही, नुसता चष्मा पुसला.

आणि नियम असा की पडलेला ठराव सहा महिने पुन्हा आणता येत नाही.

सोनाजीनं नियम मोडला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं विषय दिला, 'गोड्या विहिरीतील गाळाबाबत'. त्याच्या पुढच्या महिन्यात 'गोड्या विहिरीच्या काठावरील सैल दगडाबाबत'. मग 'गोड्या विहिरीवरील पिंपळाच्या रोपाबाबत'. प्रत्येक विषय खरा होता. गाळ होता, दगड हलत होता, पिंपळ उगवला होता. आणि प्रत्येक वेळी अर्धा घंटा विहिरीवर बोलणं व्हायचं, आणि विहिरीवर बोलणं निघालं की पायथ्याशी बसलेल्या बायकांचं निघायचंच.

शेठजी शेवटी कंटाळले. विषयपत्रिका पाहून म्हणाले, "मेस्त्री, इस महिने विहिरीत काय पडलं?"

"शेठजी," सोनाजी म्हणाला, "आमची घागर तेवढी पडाची राहिली."

*

गाळाचा विषय पुन्हा आला तेव्हा ठरलं की मेंबरलोकांनी जागेवर जाऊन पाहावं. सकाळच्या वेळी आम्ही सगळे निघालो. पुढे मी, मागे मेंबर. इतके पागोटेवाले आणि टोपीवाले पाहून पाणी भरणाऱ्या बायका पदर सावरून घरी पळाल्या. विहिरीवर कुणी उरलं नाही.

पायथ्याशी मात्र एक म्हातारी बसली होती. सोनाजीची माय, भागाई. तिला नजरेचं कमी झालं होतं. सकाळी येऊन बसली होती, घागर कोरडीच. तिला पागोटं दिसलं नाही, मिशा दिसल्या नाहीत. वर कुणीतरी माणूस उभा आहे एवढंच दिसलं.

ती म्हणाली, "बाबू, टाक रे बाप्पा एक पोहरा. उन्ह चढून राहिलं."

वरचा माणूस भाऊसाहेब देशमुख होते.

  सोनाजीनं तोंड फिरवलं आणि पिंपळाचं रोप पाहत उभा राहिला. मी पुढे होऊ लागलो, तर अण्णासाहेबांनी माझा सदरा मागून धरला.

भाऊसाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नाही म्हणावं तर म्हातारी, आणि दहा माणसं बघतात. त्यांनी दोर हातात घेतला. जन्मात पोहरा टाकला नव्हता त्यांनी. पहिला पोहरा आडवा पडला, रिकामाच वर आला. दुसरा भरला, पण काठावर आपटून अर्धा सांडला. उरलेला त्यांनी वरून ओतला, तो घागरीत थोडा आणि म्हातारीच्या डोक्यावर जास्त.

भागाई भडकली. "काय रे लेका, नवा हायेस काय? तुह्या मायनं पानी ओताले नाई शिकवलं?"

 भाऊसाहेबांनी घागर भरेपर्यंत सात पोहरे काढले. मी मोजले.

पुढच्या मिटिंगला ते हाताला फडकं बांधून आले. विषय निघायच्या आधीच म्हणाले, "त्या विहिरीचा दोर लई खराब हाये. मानसाचे हात सोलतात. तिथं पंप बसवा, वर टाकी बांधा, तोट्या लावा. कोनी दोराले हात लावाचंच काम नाई."

असं आमच्या गावात नळाचं नाव पहिल्यांदा निघालं. गाळाच्या विषयात.

*

तोट्या कुणासाठी, यावर मग तीन महिने गेले. हे तीन महिने मी कधी विसरत नाही. कमेटीत तेवढं खरं बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "महारपुऱ्यासाठी येगळी तोटी. भिंतीच्या बाहेरून. वर पाटी लावा, म्हनजे घोळ नाई."

सोनाजी म्हणाला, "एकच तोटी. सगळ्यायची."

दोघंही हटेनात. अण्णासाहेब घाई करायचे नाहीत. त्यांची एक सवय होती. दोन माणसं अडून बसली की ते म्हणायचे, "आज ठरवायचं नाही. आज फक्त मला एवढं सांगा, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

भाऊसाहेबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "मले घरात राहाचं हाये अण्णासाहेब. तुमाले नाई समजनार. माह्या चुलत्यायनं पंगतीतून उठवलं तं माह्या पोरीचं लग्न होनार नाई."

सोनाजीला विचारलं. तो म्हणाला, "मले पाटीची भीती वाटते. पानी संपते, तोटी मोडते. पाटी मोडत नाई. माह्ये नातू शाळेत जातीन, अन् पहिला शब्द वाचतीन तो त्या पाटीवरचा."

त्या दिवशी मिटिंग तिथंच संपली. कुणी चहासुद्धा मागितला नाही.

पुढच्या वेळी तडजोड निघाली. टाकीला चार बाजूंनी चार तोट्या. महारपुऱ्याकडून येणाऱ्या वाटेला एक, मोहल्ल्याकडून एक, अशा. जो ज्या बाजूनं येईल त्याला ती जवळ पडेल. पण टाकी एक, भिंत नाही, आणि पाटी कुठंच नाही. कोणती तोटी कुणाची, हे कागदावर लिहायचं नाही आणि बोलायचंही नाही.

भाऊसाहेबांना चार तोट्या मिळाल्या. सोनाजीला कोरी टाकी मिळाली.

दोघांनाही घरी शिव्या मिळाल्या. सोनाजीचा मेव्हणा चावडीवर सर्वांपुढे म्हणाला, "तुले स्टूल भेटलं तं तू इकला गेला. एक तोटी मागाले गेला अन् चार घेऊन आला." सोनाजीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, चार तोट्याची एक कराले आपल्या पोरायले पाना पुरंन. पाटी असती तं कोर्ट लागलं असतं."

फिटरच तो. त्याला पान्याचंच सुचणार.

*

ठराव मताला आला त्या दिवशी भाऊसाहेबांनी आधीच सांगून टाकलं, "तोट्या माह्याच डोक्यातल्या हायेत, पन मत मी इरुद्ध देईन. बाहेर माह्ये चुलते बसले हायेत."

खरंच बसले होते, ओसरीवर, तिघं.

हात मोजायला सुरुवात झाली. बाजूनं पाच. या वेळी अण्णासाहेबांचा हात पहिला वर होता. विरुद्ध पाच. राहिले शेठजी. शेठजींचं दोन्हीकडे गिऱ्हाईक. त्यांचा हात उचलला गेला आणि कानाजवळ येऊन थांबला.

सगळी कमेटी त्या हाताकडे पाहत होती. सोनाजीनं डोळे मिटले होते.

अण्णासाहेब म्हणाले, "शेठजी, हात वर आहे की कान खाजवता आहात?"

शेठजी म्हणाले, "जैसा आप समझो, चेरमनसाब."

"मी वर समजतो."

"तो फिर कान भी अपने आप खाजना बंद हो जायेगा," शेठजी म्हणाले आणि हात खाली घेतला.

एका मतानं ठराव पास झाला.

*

आता शेवटचं.

आमचे कारकून बापूराव मिटिंगचं बुक मोडीत लिहायचे. मोडीत शब्दाला शब्द चिकटलेला, हात उचलायचा नाही, एका दमात ओळ संपवायची. त्यांनी लिहिलं, ठराव एका मताने पास. निदान लिहायचं तेच होतं. पण घाईत 'एका'चा काना राहून गेला. जिल्ह्याला पाठवायची नक्कल बालबोधीत उतरवायला शाळेच्या मास्तरांकडे दिली. मास्तरांनी चिकटलेली अक्षरं वाचली आणि सुवाच्य अक्षरात उतरवलं: 'ठराव एकमताने पास'.

मला अक्षर येत नाही. पण त्या एका कान्यानं काय केलं ते मला चांगलं समजतं.

महिन्याच्या आत डिप्टी कमिशनरचं पत्र आलं. अण्णासाहेबांनी ते बापूरावांना वाचून दाखवलं तेव्हा मी दारातच होतो. साहेबांनी लिहिलं होतं, जिथं इतक्या जाती आणि धर्म आहेत त्या गावानं अशा विषयावर एकमत केलं हे पाहून फार समाधान झालं. गाव एक आहे, तर टाकीला मंजुरी देण्यात काहीच धोका दिसत नाही. नक्कल अमरावतीला कमिशनरसाहेबांकडे पाठवली आहे, इतर कमेट्यांनी पाहावं म्हणून.

बापूरावांनी बुक उघडून ती ओळ पाहिली. "अण्णासाहेब, काना राहिला हो माझा. आता?"

अण्णासाहेब म्हणाले, "आता पुढची मिटिंग. मागचं कामकाज वाचायचं, दुरुस्ती असेल तर करायची, मग कायम करायचं. विरुद्ध मत दिलेल्या एकानं जरी म्हटलं की हे खोटं आहे, तर मला साहेबांना कळवावं लागेल. अर्धी कमेटी विरुद्ध आहे म्हटलं की दंग्याच्या भीतीनं मंजुरी परत जाईल."

विरुद्ध मत दिलेल्या बाकीच्या चौघांनी तर तेव्हाच सांगून टाकलं, भाऊसाहेब करतील तसं आम्ही करू.

मी सोनाजीला हे सांगायला जिनात गेलो. तो इंजिनाखाली आडवा होता. ऐकून बाहेर आला, हात पुसले.

मी म्हटलं, "मेस्त्री, भाऊसाहेबायले जाऊन भेटा. एकडाव हात जोडा. म्हातारीसाठी."

"नाई गोंदाजी."

"काहून?"

"चूक हाये ते चूक हाये. त्यायनं इरुद्ध मत देलं, अन् कागद म्हनते बाजूनं देलं. कोनी माह्या मताचं असं केलं असतं तं मी कमेटी डोक्यावर घेतली असती." त्यानं पुन्हा पाना उचलला. "ते बोलले तं मी आडवा येनार नाई. पुन्हा गाळापासून सुरू करीन."

घरी भागाईनं मात्र राखेनं घागर घासून उंबऱ्यात ठेवली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

भाऊसाहेबांच्या वाड्यावर मिटिंगची नोटीस घेऊन मीच गेलो. चुलते तिथंच होते. मोठे चुलते म्हणाले, "भाऊ, सगळ्या जिल्ह्यात बोभाटा झाला का देशमुखानं महारायच्या नळाले मत देलं. मिटिंगमधी उभा राह्य अन् खोडून टाक." भाऊसाहेबांनी नोटिशीवर सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. 

मिटिंगच्या दिवशी ओसरी भरली होती. एका बाजूला चुलते आणि त्यांची माणसं, दुसऱ्या बाजूला महारपुऱ्यातली माणसं, मध्ये हकीमसाबांच्या मोहल्ल्यातली चार-सहा. खिडकीतून सगळे आत पाहत होते. मी तिन्ही माठ भरून ठेवले होते, पण कुणी पाणी मागेना.

बापूरावांनी मागचं कामकाज वाचायला घेतलं. हजर मेंबरांची नावं वाचली. विषय वाचला. आणि मग ते वाक्य वाचलं, इतक्या हळू आवाजात की त्या दिवशी अण्णासाहेबांना खरंच ऐकू आलं नसेल.

"एकमताने पास."

अण्णासाहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "काही दुरुस्ती?"

"हाये," भाऊसाहेब म्हणाले.

बाहेर चुलत्यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. सोनाजी मांडीवर हात ठेवून सरळ बसला होता.

भाऊसाहेब उठले. टेबलापाशी आले. बुक स्वतःकडे फिरवून घेतलं. खिशातून चष्मा काढला, कानावर चढवला, आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचू लागले. बोट पुढे सरकत होतं तसतसा बापूरावांचा चेहरा उतरत होता. एका जागी बोट थांबलं.

"बापूराव, हे काय लिवलं तुमी?"

"जी... भाऊसाहेब, ते घाईत..."

"देशमुक. सात पिढ्या झाल्या, आमच्या नावात ख हाये. तुमी त्याचा क करून ठिवला. ख करा आधी."

बापूरावांनी टाक उचलला. क खोडून ख केला.

अण्णासाहेबांनी विचारलं, "आणि पुढच्या मजकुरात?"

भाऊसाहेब आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. चष्मा नाकावर तसाच होता. खिडकीकडे, जिथं चुलते उभे होते तिथं, एकदा पाहिलं.

"पुढचं मले काई दिसत नाई," ते म्हणाले. "चष्मा घरी राहिला."